ह्वेमधला एक दिवस: पडके वाडे, नवे वाडे आणि दोन डोक्यांचा रेनकोट

व्हिएतनामहून आल्यापासून जो भेटतो तो आधी हेच विचारतो, तो दोन मोठ्या हातांवरचा सोनेरी पूल बघितलात का. बघितला बाबांनो. गर्दी होती, फोटो काढले, खाली आलो, विषय संपला. मला लिहायचंय ते ह्वेबद्दल. आपल्याकडच्या पॅकेजमध्ये हे गाव एकतर नसतंच, नाहीतर दा नांगहून सकाळी बसने नेतात आणि संध्याकाळी परत आणून टाकतात. आम्ही सगळं बुकिंग स्वतःच केलेलं, त्यामुळे आदल्या दिवशी ट्रेनने गेलो आणि तिथेच राहिलो. ती ट्रेन हाय वान घाटातून जाते, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाली थेट समुद्र, समुद्राच्या बाजूची खिडकी मिळाली तर नशीब. आम्हाला मिळाली होती आणि नवरा तिथे बसून झोपला.

तर ह्वे. न्गुयेन राजघराण्याची राजधानी, १८०२ ते १९४५. १८०२ म्हणजे दुसरा बाजीराव होळकरांपुढे पुण्यातून पळाला आणि वसईला इंग्रजांशी तह करून बसला ते साल. आपल्याकडे एक राज्य असं आवरायला लागलेलं आणि त्याच वर्षी तिकडे जिया लाँग नावाचा माणूस अख्खा देश एका झेंड्याखाली आणून गादीवर बसला. हे मी नवऱ्याला नाश्त्याला सांगितलं तर तो म्हणाला आधी खाऊन घे.

नाश्ता म्हणजे त्याचा. माझा मालवणी नवरा 'कोम हेन' खाणार हे त्याने डोंबिवलीतच ठरवलेलं. गार भात, त्यावर नदीतल्या बारीक शिंपल्या, शेंगदाणे, केळफूल, करमळाच्या फोडी, कसला कसला पाला आणि लाल तिखट, बाजूला शिंपल्यांचं गरम पाणी वाटीत. फुटपाथवर ती प्लॅस्टिकची बुटकी स्टुलं असतात ना, त्यावर गुडघे छातीशी घेऊन बसायचं. किंमत वीस हजार डोंग, म्हणजे साधारण पासष्ट रुपये. ह्वेचं जेवण व्हिएतनामच्या मानाने तिखट असतं, हनोईत सगळं गुळमुळीत लागत होतं त्यामुळे हा इतका खूश झाला की दुसरी वाटी मागवली, आणि तिसऱ्यांपेक्षा बारीक आहेत पण चव तीच हे त्या बाईंना मराठीतून सांगितलं. त्यांनीही त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. दोघंही हसले. मी शाकाहारी, मी केळं खाल्लं.

बाहेर भुरभुर पाऊस. मार्चमध्ये तिथे असाच असतो म्हणे, धड पडत नाही आणि थांबतही नाही.

किल्ला एकात एक असा तीन पदरी आहे. बाहेरचा कोट फ्रेंच पद्धतीचा, टोकदार बुरुजांचा आणि खंदकाचा, त्याचा घेरच दहाएक किलोमीटर, आत लोक राहतात, शाळा आहेत, भाजीवाले आहेत. त्याच्या आत राजवाड्याचा कोट, आणि त्याच्याही आत राजाचं खाजगी आवार. आम्ही गेलो तेव्हा तिकीट दोन लाख डोंग होतं, पावणेसातशे रुपयाच्या आसपास. राजांच्या समाध्या धरून कॉम्बो तिकीटही मिळतं पण एका दिवसात तेवढं होत नाही, उगाच घेऊ नका.

आत जायचं ते न्गो मोन दरवाजातून. पाच वाटा आहेत, मधली फक्त राजाची, शेजारच्या दोन दरबाऱ्यांच्या, अगदी कडेच्या सैनिक आणि हत्ती-घोड्यांच्या. आम्हाला हत्तींच्या बाजूने सोडलं. वर सज्जा आहे, तिथून समोर भलामोठा ध्वजस्तंभ दिसतो आणि त्यावर लाल झेंडा, पिवळा तारा. ३० ऑगस्ट १९४५ ला शेवटचा राजा बाओ दाई ह्याच दरवाजावर उभा राहिला आणि तलवार आणि शिक्का नव्या सरकारच्या माणसांच्या हातात देऊन मोकळा झाला. तिथे उभं राहून खाली बघितलं तर एक शाळेची सहल चालली होती, सगळ्या पोरांना पिवळ्या टोप्या, बाई ओरडतायत आणि कोणी ऐकत नाहीये.

त्यापुढे थाई होआ, म्हणजे दरबाराचा वाडा. ऐंशी खांब, लाल लाखकाम आणि त्यावर सोनेरी ड्रॅगन. हा २०२१ पासून दुरुस्तीला बंद होता, २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये उघडला, त्यामुळे सोनं अगदी चकचकीत. सिंहासन मात्र मूळचं होतं, आम्ही बघितलं तेव्हा. आम्ही परत आल्यावर मे महिन्यात बातमी आली की एक माणूस कठडा ओलांडून त्या सिंहासनावर चढला आणि त्याचा हात मोडून टाकला. मी बातमी नवऱ्याला दाखवली, तो किती वेळ नुसता च्च च्च करत होता.

आणि मग थाई होआच्या मागच्या दाराने बाहेर पडलो तर, आम्ही गेलो तेव्हा तरी, समोर काहीच नाही.

म्हणजे खरंच काही नाही. गवत, आणि गवतात जोती. पायऱ्या आहेत, पायऱ्यांवर दगडी ड्रॅगन आहेत, पण त्या पायऱ्या चढून जायचं कुठे तर मोकळ्या जागेत. इथे राजाचा रोजच्या कामाचा वाडा होता, त्यामागे राण्यांचे महाल होते. १९४७ मध्ये फ्रेंच परत आले तेव्हाच्या धुमश्चक्रीत बरंचसं जळलं. उरलेलं गेलं १९६८ ला. टेटच्या सणात, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, उत्तर व्हिएतनामचं सैन्य आणि व्हिएतकाँग, म्हणजे दक्षिणेतलेच कम्युनिस्ट बंडखोर, घुसले, ३१ जानेवारीला किल्ल्यावर त्यांचा झेंडा लागला आणि मग जवळजवळ महिनाभर गल्लीगल्लीत लढाई. अमेरिकनांनी तोफा आणि विमानं लावली. शहरातली माणसं दोन्हीकडून मेली. किल्ल्यात दीडशेच्या वर इमारती होत्या म्हणतात, त्यातल्या बोटांवर मोजण्याएवढ्या राहिल्या.

मला ती मोकळी जागा फार आवडली. आवडली हे बोलणं बरं दिसत नाही, पण रायगडावर राणीवशाच्या जोत्यांशी उभं राहिलं की जे होतं तेच झालं. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी गड घेतला, आग लागली, आणि तेव्हापासून आपण ती जोती बघत आलोय आणि प्रत्येक जण मनातल्या मनात आपापला वाडा बांधत आलाय. तिथे कोणी काँक्रीटचा महाल उभा केला तर मी गड चढणं बंद करीन. हे मी बोलले आणि नवऱ्याशी दिवसभराचं भांडण सुरू झालं. भांडण म्हणजे तसं नाही हो, पण दिवसभर पुरलं एवढं खरं.

कारण त्या मोकळ्या जागेच्या पार टोकाला किएन त्रुंग उभा आहे. खाई दिन्ह राजाने १९२० च्या दशकात बांधलेला, अर्धा फ्रेंच अर्धा व्हिएतनामी, १९४७ मध्ये पार जमीनदोस्त झालेला. २०१९ ला तो पुन्हा बांधायला घेतला आणि २०२४ च्या टेटला लोकांसाठी खुला केला. पिवळ्या भिंती आणि त्यावर रंगीत चिनीमातीच्या तुकड्यांचं काम. लांबून बघितलं तर मला लग्नाचा हॉल वाटला. नवरा सिव्हिल इंजिनिअर. तो भिंतीला नाक लावून उभा. एक एक तुकडा हाताने कापून बसवलाय बघ, ड्रॅगनच्या खवल्यांना कपबशीचं गोलाईचं अंग वापरलंय, सांधा बघ, लेव्हल बघ. आणि खरंच, जवळून बघितलं तर निळ्या फुलांची बशी फोडून तिची किनार बरोब्बर एका पाकळीला बसवलेली, शेजारी हिरव्या काचेचा नखाएवढा तुकडा, असं हातभर जागेत शंभरेक तुकडे. त्याचं म्हणणं असं की हे काम करणारे कारागीर अजून आहेत तोवरच हे होऊ शकतं, वीस वर्षं नुसती चर्चा करत बसलात तर ही माणसं संपतील आणि मग तुमची जोतीच बघत बसा. मी म्हटलं जोतीच बघायची आहेत मला. तो म्हणाला तुला बघायचीत, त्या पिवळ्या टोपीवाल्या पोरांना काय कळणार जोत्यातून.

ह्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं म्हणून मी विषय बदलला आणि फोटो काढायला सांगितलं.

फोटोंवरून, तिथे जुने राजेशाही कपडे भाड्याने मिळतात आणि निम्मी तरुण जनता तेच घालून फिरत असते. मुलीच्या डोक्यावर गोल फेटा, अंगात भरजरी झगा, मुलगा निळ्या अंगरख्यात, आणि त्याच्या एका हातात तिची पर्स, दुसऱ्या हातात तिची पाण्याची बाटली, खांद्यावर तिची टोट बॅग. राजा. तीन फोटोग्राफर सूचना देतायत. माझ्या नवऱ्याने त्या मुलाकडे बघून मान हलवली, त्यानेही हलवली.

निघताना नऊ घट बघायला विसरू नका, लोक तिथपर्यंत जातच नाहीत. पूर्वजांच्या देवळासमोर ओळीने ठेवलेत, तीन पायांचे, दोन कानांचे, ब्राँझचे. मिन्ह मांग राजाने १८३५ ते ३७ मध्ये ओतून घेतले, सगळ्यात मोठा अडीच मीटर उंच आणि वजन अडीच टनाच्या वर. त्यावर देशात जे जे आहे ते कोरलंय. सूर्य, चंद्र, नद्या, कालवे, जहाजं, तोफा, वाघ, आणि चक्क फणस. फणस दिसल्यावर मालवणी माणूस हलेना. काट्यांवरून बोट फिरवायला गेला तर गार्डने लांबून शिट्टी मारली. काही घटांना गोळ्या लागल्याच्या खुणा आहेत, पण एकही फुटलेला नाही.

इथे एक विषयांतर करते कारण त्याशिवाय घरच्या ग्रुपवर शांतता होणार नाही. आम्ही निघायच्या आधीपासून काका-मामा मंडळी तो फॉरवर्ड पाठवत होती, व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा आदर्श घेऊन, तिथे महाराजांचा पुतळा आहे वगैरे. आम्हाला कुठे दिसला नाही आणि ज्यांना विचारलं त्यांना काही माहीत नव्हतं. महाराजांना असल्या फॉरवर्डची गरज नाही, आणि व्हिएतनामकडे त्यांचा स्वतःचा क्वांग त्रुंग आहे. १७८८ मध्ये ह्वेच्या एका टेकडीवर त्याने स्वतःला राजा घोषित केलं, सैन्य घेऊन उत्तरेला सुटला आणि १७८९ च्या टेटला, चिनी फौज सणाच्या मूडमध्ये असताना हनोईजवळ तिच्यावर तुटून पडला. लाल महालाच्या रात्रीची आठवण येईल अशी गोष्ट. आणि पुढे जिया लाँगने त्याच्या घराण्याला हरवून गादी घेतली तेव्हा त्याची कबर उकरून हाडांची विटंबना केली. आज त्याच ह्वेत त्या टेकडीवर क्वांग त्रुंगचा मोठा पुतळा आहे. तो बघायचा राहिला. काका, तो फॉरवर्ड करा.

जेवण. शाकाहारी लोकांनो, ह्वे तुमचं गाव आहे. बौद्ध मठांचं शहर, बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसमासे खात नाहीत, त्यामुळे शुद्ध शाकाहारी खानावळी भरपूर. पाटीवर 'कोम चाय' दिसलं की आत शिरायचं, फिश सॉस सुद्धा नसतो, सोयाचा असतो. हनोईत मी "नो फिश, नो मीट, नो एग" म्हणून दमले होते आणि तरी सूपमध्ये कोळंबी पोहत यायची. इथे मी मेन्यू उघडला आणि सगळं खाऊ शकत होते, रडायचीच बाकी. 'बान बेओ' म्हणजे इवल्याशा बशीत वाफवलेला तांदळाच्या पिठाचा थर, वर मूगडाळ. दहा बशा येतात, चमच्याने कड सोडवायची आणि गिळायची. 'बान नाम' तर पानात थापून वाफवलेली, आपल्या पातोळीची चुलत बहीण, फक्त तिखटमिठाची. नवऱ्याने पण शाकाहारी खाल्लं आणि तक्रार केली नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

दुपारी थिएन मू पॅगोडा. परफ्यूम नदीच्या काठावर टेकाडावर, मठ १६०१ चा, सात मजली अष्टकोनी मनोरा १८४४ चा. मनोरा फोटोत असतो तसाच आहे. मला तिथे लक्षात राहिली ती गाडी. मागच्या अंगणात एका शेडमध्ये फिकट निळी ऑस्टिन उभी आहे, जुनी, टायर बसलेले. ११ जून १९६३ ला थिक क्वांग डुक हे भिक्खू ह्या गाडीतून सायगॉनच्या, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीच्या, चौकात उतरले, मांडी घालून बसले आणि स्वतःला पेटवून घेतलं. मागे भिंतीवर तो फोटो आहे ज्यात ही गाडी बॉनेट उघडून उभी दिसते. त्या निषेधाची सुरुवात ह्वेतलीच. त्याच वर्षी मे महिन्यात बुद्धजयंतीला धार्मिक झेंडे लावायला सरकारने बंदी केली, लोक जमले, गोळीबार झाला, माणसं गेली. शेडपाशी आलेला प्रत्येक जण आपोआप हळू बोलत होता. तिथे कोणी सेल्फी काढला नाही. बाहेर पडून पाच मिनिटं आम्ही नुसते नदीकडे बघत बसलो, मग नवरा म्हणाला शहाळं पिऊया.

नदीकाठी बसल्यावर त्याला ती राजकन्येची गोष्ट सांगितली. हा सगळा भाग आधी चाम लोकांचा, शिवाची देवळं बांधणारे, राजांची नावं जय सिंहवर्मन वगैरे. १३०६ मध्ये ह्या जय सिंहवर्मनने उत्तरेकडच्या दाई व्हिएतची राजकन्या हुएन त्रान हिच्याशी लग्न केलं आणि त्याबदल्यात दोन प्रांत दिले, आत्ताचं ह्वे त्यातच येतं. वर्षभरात राजा गेला आणि तिच्या माहेरच्यांनी तिला पळवून परत आणलं, प्रांत मात्र परत दिले नाहीत. मी नवऱ्याला म्हटलं बघ, दोन प्रांत, तू काय दिलंस माझ्या बाबांना. तो म्हणाला गेली तीन वर्षं त्यांच्या मोबाईलचे सगळे प्रॉब्लेम मी सोडवतोय.

मग ग्रॅब (तिकडची उबर) करून खाई दिन्हची समाधी, शहराबाहेर दहा किलोमीटर. पायऱ्या एकशे सत्तावीस, ओल्या आणि निसरड्या. हा तोच किएन त्रुंगवाला राजा. १९१६ ला फ्रेंचांनी गादीवर बसवला, १९२० ला स्वतःची समाधी बांधायला काढली, १९२५ ला वारला आणि काम संपलं १९३१ ला. पैसे कमी पडले म्हणून शेतकऱ्यांवरचा कर वाढवला होता. बाहेरून सगळं काळं काँक्रीट, शेवाळ धरलेलं, अंगणात दगडी दरबारी आणि दगडी हत्ती रांगेत उभे, पावसाने चिंब. जरा भीतीच वाटते. आणि आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. भिंतीवर एक रिकामी वीत सोडलेली नाही, काच आणि चिनीमाती, ऋतूंची फुलं, फळांच्या परड्या, आणि छतावर ढगांत नऊ ड्रॅगन. राजाच्या पुतळ्यावरची छत्री तर कापडाची झालर वाऱ्याने हलत असेल अशी दिसते, ती काँक्रीटची आहे. नवरा तिच्याखाली मान वर करून उभा, शंभर वर्षांपूर्वी हे शटरिंग कसं केलं असेल ह्या विचारात.

तिथे त्याने सकाळचं भांडण पुन्हा काढलं. हे बांधलं तेव्हा लोकांनी ह्यालाही लग्नाचा हॉलच म्हटलं असणार, आता तू आ वासून बघतेयस ना, मग किएन त्रुंगला शंभर वर्षं दे. मी म्हटलं हे एका उधळ्या माणसाने स्वतःसाठी बांधलं, वेडेपणा का असेना खरा आहे, ते किएन त्रुंग जुन्या फोटोवरून बांधलंय, दोन्हीत फरक आहे. तो म्हणाला मग जळलं तेव्हाच संपलं का सगळं. मी म्हटलं नाही, पण. आणि पणच्या पुढे मला नीट सांगता आलं नाही तरी मी हरलेली नाही.

येताना रस्त्यावर पावसात सगळ्या स्कूटरवाल्यांनी रेनकोट घातलेले आणि त्यातले निम्मे दोन डोक्यांचे. एकच मोठा पोंचो, दोन टोप्या, पुढे एक डोकं, मागे एक डोकं, मधे कुठेतरी पोरगं असेल तर त्याचे फक्त पाय दिसतात. पुढे हेडलाइटवर येतो तिथे पारदर्शक खिडकी. आम्ही दोघं एकाच वेळी म्हणालो, हा पाहिजे.

त्यामुळे डोंग बा मार्केट. टोप्या, सुकी मासळी, तिळाची चिक्की, सगळं एकावर एक. ह्वेची खासियत म्हणजे कवितेची नोन टोपी, तीच शंकूसारखी, ताडपत्राच्या दोन थरांमध्ये कागद कापून चित्र आणि कवितेच्या ओळी घातलेल्या असतात, नुसती बघितली तर साधी पांढरी टोपी, दिव्यासमोर धरली की आत पूल आणि नदी दिसते. ती विमानातून आणायची कशी ह्यावर चर्चा करून घेतली नाही, आता हळहळतेय. रेनकोटवाल्या आजींनी कॅल्क्युलेटरवर आकडा टाकून माझ्यासमोर धरला. मी अर्धा टाकला. त्या हसल्या, कॅल्क्युलेटर माझ्या हातातून घेतला, पहिल्या आकड्यातून दहा हजार कमी केले. मी निघाल्यासारखं केलं. त्यांनी थांबवलं नाही. आम्ही कोपऱ्यावरून परत आलो आणि त्यांच्या आकड्याला घेतला, त्या इतक्या शांतपणे पिशवीत घालत होत्या की त्यांना आम्ही परत येणार हे माहीतच होतं.

संध्याकाळी मिठाची कॉफी. हे ह्वेचंच, २०१० मध्ये इथल्याच एका छोट्या कॅफेने सुरू केलं आणि आता अख्ख्या देशात मिळतं. ग्लासात तळाला कंडेन्स्ड मिल्क, वर खारवलेली फेसाळ साय, त्यावर फिल्टरमधून काळी कॉफी थेंब थेंब पडत राहते, पाचेक मिनिटं नुसतं बघत बसायचं. मग ढवळून बर्फ घालायचा. खारट लागत नाही, कॉफीचा कडूपणा फक्त मऊ होतो. समोर त्रुओंग तिएन पुलाच्या कमानींवर दिवे, आधी जांभळे मग हिरवे मग गुलाबी, अगदी गणपतीच्या लाइटिंगसारखे, मला ते आवडले नाहीत, नवऱ्याला आवडले.

आणखी दोन मोठ्या समाध्या, मिन्ह मांग आणि तू डुक ह्या राजांच्या, दोन्ही राहिल्या. ज्यांना जायचंय त्यांनी ह्वेला किमान दोन रात्री ठेवा, बा ना हिल्सचा, म्हणजे त्या सोनेरी पुलाचा, दिवस कापा हवं तर, सप्टेंबर ते डिसेंबर टाळा कारण तेव्हा तिथे पूर येतो, आणि रेनकोट घेताना लांबी बघून घ्या. आमचा आमच्या ॲक्टिव्हाला होतो, मागच्या टोपीची खिडकी मात्र माझ्या नाकापाशी येते आणि तो ब्रेक मारतो तेव्हा मला काही दिसत नाही.